कोमल कोठारी कोण होते, आणि गोंधळ्यांचं रेकॉर्डिंग करायच्या आधी त्यांना का समजून घ्यायचं

तुमचा प्रश्न असा की गावाकडचे गोंधळी, वाघ्या-मुरळी, दोनचार हलगीवाले यांचं रेकॉर्डिंग करून ठेवायचंय, मोबाइल आहे, एखादा बरा माइक घ्यायची तयारी आहे, आणि कुणीतरी सांगितलं की आधी राजस्थानच्या कोमल कोठारींबद्दल समजून घे. तर हा माणूस कोण, आणि राजस्थानातल्या माणसाचा आपल्या जागरण-गोंधळाशी काय संबंध?

मी हेच काम बावीस-तेवीस वर्षं करतेय. पहिली सातआठ वर्षं चुकीचं केलं आणि ते चुकीचं होतं हे मला कोठारींमुळे कळलं, म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

कोमल कोठारी जन्मले १९२९ मध्ये, राजस्थानात. गाणारे नव्हते, वाजवणारे नव्हते, मुळात साहित्यातला माणूस. मित्र होता विजयदान देथा, ज्यांना सगळे बिज्जी म्हणायचे. दोघांनी मिळून १९५३ मध्ये ‘प्रेरणा’ नावाचं मासिक काढलं आणि त्यात ठरवलं काय तर दर महिन्याला एक नवं लोकगीत शोधून काढायचं आणि लिहून छापायचं. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, दर महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा, आणि प्रत्येक गाण्यामागे कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसायचं. मग १९६० मध्ये दोघांनी रूपायन संस्थान सुरू केलं, जोधपूर शहरात नाही तर देथांच्या गावात, बोरुंद्याला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे लोककलेच्या संस्था जिल्ह्याच्या गावी निघतात, ऑफिस होतं, बोर्ड लागतो, आणि मग कलावंताने एसटीने तिथे यायचं असतं.

दोघांची कामाची वाटणी आपसूक झाली म्हणा. बिज्जींनी गोष्टी घेतल्या, गावातल्या बायामाणसांकडून ऐकलेल्या, आणि त्या राजस्थानीत लिहून ‘बातां री फुलवाडी’चे चौदा भाग उभे केले. कोठारींनी गाणी, वाद्यं आणि ती गाणारी-वाजवणारी माणसं घेतली. लिहिलं मात्र फार कमी. हा माणूस बोलायचा, तासन्तास बोलायचा, आणि देशपरदेशातले अभ्यासक येऊन ते ऐकून जायचे, त्यावर पुस्तकं लिहायचे. शेवटी रुस्तम भरुचांनी त्यांच्याशी झालेल्या गप्पांचंच पुस्तक केलं, ते २००३ मध्ये आलं. मौखिक परंपरेवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं मुख्य पुस्तकही बोललेलंच असावं याची मला गंमत वाटते.

आता मुख्य मुद्दा, लंगा आणि मांगणियार. हे दोन्ही पश्चिम राजस्थानातले, जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटातले व्यावसायिक गायक-वादक समाज. दोन्ही मुस्लिम. लंग्यांकडे सिंधी सारंगी आणि सनईसारखी सुरणई, मांगणियारांकडे कमायचा, म्हणजे आंब्याच्या लाकडाचं वाटोळं पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, सतरा तारा आणि गजाने वाजवायचं. खडताल, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या, हल्ली दोघांकडेही दिसते. लंग्यांचे यजमान, म्हणजे ज्या घरांकडे ते पिढ्यानपिढ्या गातात ते लोक, मुख्यतः सिंधी सिपाही, म्हणजे मुसलमान पशुपालक, आणि मांगणियारांचे यजमान बहुतेक हिंदू, राजपूत, चारण, मेघवाळ वगैरे. यजमानाच्या घरी बारसं, लग्न, काहीही असो, मांगणियार येणार, त्या घराण्याची वंशावळ म्हणणार, देवीची गाणी गाणार. मुसलमान माणूस हिंदूच्या घरी त्याच्याच कुलदेवीची गाणी पिढ्यानपिढ्या गातोय आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही! मांगणियार या नावातच मागणं आहे, म्हणून बाहेरच्याला वाटतं भिकारी. पण ते मागणं नाही, हक्क आहे. अमुक घराचं अमुक प्रसंगी अमुक इतकं मिळालंच पाहिजे, धान्य, जनावर, कपडा, आणि ते हक्क भावाभावांत वाटले जातात, बापाकडून मुलाकडे जातात. यजमान नीट वागला नाही तर त्याच्याशी संबंध तोडायचा अधिकार कलावंतालाही होता. आपल्याकडे बलुत्यात जे होतं त्याच्याच जवळपासचं हे, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन घराण्याची वंशावळ वाचतात तेही याच प्रकारचं काम.

कोठारींच्या आधी हे समाज गात नव्हते का? गात होतेच की. म्हणून ‘कोठारींनी लंगा-मांगणियार शोधून काढले’ असं कुणी लिहिलं की मला वैताग येतो. ते कुठे हरवले नव्हते. कोठारींना कळलं ते हे की या माणसांचं पोट ज्या नात्यावर चालतं तेच नातं तुटायला लागलंय. फाळणीने सिंधकडचे रस्ते बंद झाले, नातेवाईक आणि यजमान पलीकडे राहिले, मग १९६५ च्या युद्धानंतर सीमा आणखीनच घट्ट झाली. जहागिऱ्या १९५२ च्या कायद्याने गेल्या, राजपूत यजमानाचा हात आखडला. त्यात दुष्काळ, जनावरं मेली की पशुपालक यजमान देणार काय? म्हणजे गाणं उत्तम आहे, गळे उत्तम आहेत, पण देणारं घरच बसलंय.

सुरुवातीला लंगे टेपरेकॉर्डरपुढे गायला तयार नव्हते, यंत्र आवाज ओढून घेईल ही धास्ती. आपण हसतो. पण माझ्या अनुभवात ती भीती अजिबात खुळचट नाही, यंत्राने आवाज खरंच ओढून नेलाय, कितीतरी गाण्यांची मूळ माणसं आज कुणाला माहीत नाहीत आणि गाणी लग्नाच्या डीजेवर वाजतायत. कोठारी थांबले, येत-जात राहिले, आणि मग रेकॉर्डिंग झालं. १९६० च्या दशकात त्यांनी या लोकांना गावाबाहेरच्या स्टेजवर आणलं, दिल्लीला, मग परदेशात, आणि ऐंशीच्या दशकात सरकारचे भारत महोत्सव झाले तेव्हा तर राजस्थानचे साफे जगभर पोचले. हमीरा गावच्या साकर खानांना कमायच्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, अन्वर खानांना २०२०, सिंधी सारंगीच्या लाखा खानांना २०२१. कोठारींना स्वतःला १९८३ मध्ये पद्मश्री आणि २००४ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. पुरस्कारांचं इतकंच पुरे.

आता माझी चूक सांगते म्हणजे हे सगळं कशासाठी सांगतेय ते कळेल.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका गोंधळी पार्टीला मोठ्या शहरात एका कार्यक्रमाला घेऊन गेले. पार्टी पिढीजात, म्हातारबुवा सत्तरीचे, संबळ त्यांच्या पुतण्याकडे, तुणतुणं मुलाकडे. आयोजक म्हणाले आठ मिनिटं. बुवांनी मला विंगेत विचारलं, ‘गोंधळ कुणाच्या घरचा?’ मी म्हटलं कुणाच्याच नाही बुवा, प्रेक्षक आहेत. ते गप्प झाले. मग स्टेजवर जाऊन दिवटी पेटवायला घेतली तर हॉलवाला धावत आला, आग चालणार नाही. म्हणून दिवटी न पेटवता उभे राहिले आणि देवांना बोलावणं सुरू केलं, तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, आणि एकेक देव येतोय तोवर आठ मिनिटं संपली. पडदा. आख्यान सुरूच झालं नाही. आयोजक माझ्यावर भडकले, मी बुवांवर मनातल्या मनात भडकले, की तुम्हाला सांगितलं होतं ना आठ मिनिटं. परतीच्या गाडीत बुवा एवढंच म्हणाले की देवाला बोलवून न जेवता पाठवला.

तेव्हा मला ते अडाणीपण वाटलं होतं. कोठारींच्या मुलाखती वाचल्या तेव्हा कळलं अडाणी कोण होतं. गोंधळ हा आयटम नाहीच, ते एका घराने घातलेलं देणं आहे. यजमान नसेल तर बोलावलेले देव उतरणार कुठे? मी गाणं उचललं आणि ज्या घरासाठी ते होतं ते घर गावातच ठेवून आले.

पण मग कोठारींनीही स्टेजवरच नेलं की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि इथे मी त्यांची भक्त नाही. स्टेजमुळे जे व्हायचं ते तिथेही झालंच. रात्रभराचं गाणं पाच मिनिटांत बसवावं लागलं, ठरावीक दहा-बारा गाणी पुन्हापुन्हा गायली जाऊ लागली, ‘निंबूडा’ आणि ‘केसरिया बालम’ झालं की टूरिस्ट खूश. बायका यजमानाच्या घरी गातात, लग्नाची सगळी गाणी त्यांच्याकडे, पण स्टेजवर दिसतात ते बहुतेक पुरुष. कमायचा बनवणारे कमी झाले आणि हार्मोनियमवर काम भागायला लागलं. हे सगळं कोठारींच्या डोळ्यांदेखत घडलं आणि त्यातल्या काही गोष्टींना त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं, असं मला स्पष्ट वाटतं.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की त्यांनी स्टेजला यजमानाची जागा घेऊ दिली नाही निदान स्वतःच्या डोक्यात तरी. फ्रान्सहून आलेला मांगणियार चार दिवसांनी त्याच्या यजमानाच्या घरच्या लग्नाला जाऊन गातोय का, हा त्यांचा प्रश्न असायचा. तो जात असेल तर परदेशवारीचं काही वाकडं नाही, जात नसेल तर गळा कितीही गोड असो, काहीतरी गेलंय. म्हणून त्यांच्या कामात गाण्याच्या चालीइतकंच लक्ष हक्काकडे आहे: कोण कुणाकडे गातो, किती घरं, काय मिळतं, ती घरं भावांत कशी वाटली. पुढे डॅनियल न्यूमन, शुभा चौधुरी आणि कोठारी या तिघांच्या नावावर पश्चिम राजस्थानच्या संगीत परंपरांचा एक अॅटलसच निघाला, २००६ मध्ये, कोठारी गेल्यानंतर. संगीताचा नकाशा! कुठल्या भागात कुठला समाज, कुठलं वाद्य, कुणाचा यजमान कोण. आपल्या एकाही जिल्ह्याचा असा नकाशा माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट जी मला त्यांच्याकडून चोरायला आवडली ती धान्याची. राजस्थानचे भाग पाडायचे तर आपण मेवाड, मारवाड, हाडोती असे राजांच्या हद्दीवरून पाडतो. कोठारी म्हणायचे लोक खातात काय त्यावरून पाडा. पश्चिमेला बाजरी, दक्षिणेला मका, आणि तिसरा पट्टा ज्वारीचा. धान्य बदललं की पाऊस वेगळा, जनावर वेगळं, भाकरी वेगळी, कामाचे महिने वेगळे, आणि म्हणून गाण्याला मोकळा वेळ कधी मिळतो तेही वेगळं, देवही वेगळे. हे वाचल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं की गोंधळाचा चौक कुठे तांदळावर मांडतात, कुठे गव्हावर, कुठे ज्वारीवर, आणि मखराला ऊस लावतात की धाटं. आधी मी त्याचा फोटो काढायचे आणि ‘सजावट’ असं लिहून ठेवायचे. सजावट!

आणि मग झाडू. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात कोठारींनी जोधपूरजवळ मोकलावासला अरना झरना नावाचं म्युझियम उभं केलं, दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर. लोकांना वाटलं आता इथे भारीभारी वाद्यं, साफे, तलवारी असतील. आत सुरुवात केली झाडूपासून. राजस्थानभरचे झाडू. कुठल्या गवताचा, कुठल्या झुडपाचा, कुठला अंगणातला आणि कुठला घरातला, कोण बनवतं, कोण विकतं, कुठला कुठे ठेवायचा, कुठे पाय लावायचा नाही. कारण झाडू म्हटला की त्यात जमीन आली, पाऊस आला, बाई आली, जात आली, बाजार आला आणि शुभ-अशुभही आलं, आणि तरी तो कुणाला म्युझियमच्या लायकीचा वाटत नाही. वाद्यंही तिथे आहेत, पण झाडूनंतर.

रूपायनचं काम आता त्यांचा मुलगा बघतो, हजारो तासांचं ध्वनिमुद्रण आहे, आणि माझ्यासारख्या लोकांना तिथून अजून शिकायला मिळतं. महाराष्ट्रात काहीच झालं नाही असंही समजू नका. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे केवढं तरी साहित्य गोळा करून छापलं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू करून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे प्रत्येक ओवी कुठल्या गावातल्या कुठल्या बाईची ते लिहून ठेवलं. ‘लोकगीत, अज्ञात’ असं नाही. आता त्यातल्या कितीतरी नेटवर ऐकायला मिळतात. तुमचं काम सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ त्यांना द्या.

आता तुमच्या मोबाइल आणि माइकबद्दल. माइक घ्या, बरा आहे म्हणता तो पुरतो. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये करा, एमपीथ्रीत नको, कारण जागा वाचवायच्या नादात संबळाचा बारीक आवाज मरतो आणि तो पुन्हा मिळत नाही. संबळापासून लांब बसा नाहीतर गळा ऐकूच येणार नाही. पंखा बंद. सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, माणसाचं नाव आणि प्रसंग बोलून ठेवा, कारण वहीची पानं हरवतात पण फाइलमधला आवाज फाइलसोबत राहतो. दोन हार्डडिस्कवर कॉपी, दोन वेगळ्या घरांत. आणि एक कॉपी त्या माणसाला द्यायची, पेनड्राइव्हवर द्या, नातवाच्या मोबाइलवर द्या, पण द्या. नेटवर टाकायचं असेल तर आधी विचारायचं आणि काय टाकायचं नाही तेही विचारायचं. जागरणातली काही गाणी घरच्यांपुरती असतात, त्यांना ती जगासमोर नकोच असतात, आणि ‘जतन’ या नावाखाली आपण ती टाकली तर ती चोरीच.

पैशांचं आधीच बोला. कोण किती घेणार, रेकॉर्डिंगचे वेगळे का, शिधा वेगळा का. आपल्याला वाटतं कलेपुढे पैशाचं बोलणं हलकं, पण कलावंताच्या घरी तेच पहिलं बोलणं असतं. कोठारींची सगळी विद्या तिथूनच तर सुरू होते.

माझ्याकडे शेकडो तासांचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला तुकडा चाळीस मिनिटांचा, तोही चुकून झालेला. गोंधळ संपला, पहाट झाली, आम्ही जेवायला बसलो आणि रेकॉर्डर बंद करायचा राहिला. त्यात ते म्हातारबुवा (तेच, आठ मिनिटांवाले, मोठ्या मनाने त्यांनी मला परत बोलावलं होतं) सुनेला सांगतायत की अमुक गावं आपल्या वाट्याची, तमुक गावं चुलत्यांच्या वाट्याची, आपण रेणुराई आणि ते कदमराई (गोंधळ्यांमधल्या या दोन शाखा), त्या वाड्यावरचे लोक हल्ली फोनच उचलत नाहीत, पोराने पुण्यात फ्लॅट घेतला तिथे गोंधळ घालायला बोलावलंय पण सोसायटी दहानंतर संबळ वाजवू देत नाही. भांड्यांचे आवाज, मांजर, सगळं त्यात. गाण्याची एक ओळ नाही. आणि त्या भागातल्या गोंधळाचं आज काय चाललंय हे त्या चाळीस मिनिटांत जेवढं कळतं तेवढं माझ्या बाकीच्या टेपांत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. हलगीवाल्यांकडे जाणार म्हणताय ना, तर हलगीचा विषय काढायच्या आधी केरसुणीचा काढा. शिंदीची की मोळाची, आता शिंद कुठे मिळते, दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजायला गावात नवीन केरसुणी कोण पोचवतं, त्याबदल्यात आधी काय मिळायचं आणि आता काय मिळतं, प्लास्टिकचा झाडू आल्यावर काय झालं. बऱ्याच गावांत केरसुणी वळणारे हात आणि हलगी वाजवणारे हात एकाच घरातले निघतात. केरसुणीचं बोलून झालं की हलगी ते स्वतःच काढतील, कातडं शेकायला आधी थोडा जाळ करावा लागतो, तेवढ्यात माइक लावून होतो.